आग एकच, पाणी वेगळं: ठाणे खाडीकाठच्या एका पाणकणसाच्या रानाचं प्रकरण

ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत, जुन्या मिठागरांचे काही तुकडे पाणकणसाने, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या, लांब पानांच्या आणि कणसासारखा तुरा येणाऱ्या उंच वनस्पतीने, व्यापले आहेत. माघ-फाल्गुनात हे रान वाळतं आणि कुठे ना कुठे पेटतं. धूर वसाहतींत शिरतो, बंब येतो, लोक हळहळतात. महिनाभरात त्याच राखेतून हिरवे कोंब वर येतात आणि पावसाळा संपेपर्यंत रान पुन्हा डोक्याच्या वर जातं. आगीने पाणथळ मरते, असं काही जण म्हणतात. आग लागली की जागा मोकळी होते, असं बाकीचे म्हणतात. मी ज्या तुकड्याबद्दल लिहिते आहे, तिथे एका वर्षी ही दोन्ही म्हणणी एकाच बांधाच्या दोन बाजूंना शेजारी शेजारी पाहायला मिळाली.

तुकड्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की आग कुणी लावली यावर चर्चा वळते आणि पाण्याचा प्रश्न मागे पडतो. मला पाण्याबद्दलच बोलायचं आहे.

जागा

तुकडा फार मोठा नाही. पूर्वेला तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, पट्टा आणि त्यापलीकडे खाडी, पश्चिमेला रस्ता आणि वसाहत. मीठ पिकत होतं तेव्हा खाडीच्या बांधातल्या उघाडीतून, म्हणजे लाकडी फळ्यांच्या दारातून, उधाणाचं पाणी आत घेत. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आणि उन्हात आटवत. पावसाळ्यात काम बंद असे आणि वाफे गोड्या पाण्याने भरत. पाऊस सरला की ते पाणी ओहोटीला सोडून द्यायचं आणि पुन्हा खारं आत घ्यायचं. गोडं आणि खारं अशी दोन पाण्यांची पाळी त्या जमिनीला दर वर्षी मिळत होती. अशा जमिनीत पाणकणीस तग धरत नाही. बांधाच्या कडेला मारांडीची काटेरी झुडपं, खाडीकडे तिवर आणि मधे उघडा चिखल, एवढंच तिथे असायचं.

मग मीठ बंद झालं. उघाडीत गाळ साचला. पुढे खाडीचं पाणी वस्तीकडे येऊ नये म्हणून फळ्या कायमच्या बसवण्यात आल्या. वसाहतीच्या बाजूने एक नाला मात्र आत येतच राहिला. म्हणजे खारं पाणी थांबलं आणि सांडपाणी सुरू राहिलं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या पावसाला आता खाडीकडे वाट नव्हती. ते पाणी मार्गशीर्षापर्यंत गुडघाभर साचून राही, त्यात नाल्यातून आलेलं नत्र आणि स्फुरद मिसळे, आणि मग ते आटू लागे. पाणकणसाला हवं ते सगळं जमून आलं. त्याच्या एका कणसात लाखाच्या वर बिया असू शकतात. तंतू लागलेल्या या बारीक बिया वाऱ्यावर दूर जातात आणि उघड्या ओल्या चिखलावर रुजतात. एकदा रोप लागलं की चिखलाखालचं आडवं खोड पसरत जातं आणि बियांची गरजही उरत नाही.

तरुणपणी याच आगरात, म्हणजे मिठागरात, काम केलेले एक आगरी आजोबा जवळच्या गावात राहतात. मी त्यांना विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी इथे आग लागायची का हो?" ते म्हणाले, "आगीला खायला काय होतं इथं? चिखल न् पानी. जलनार काय? आमी इथं निवटे धरायचो, चिंबोऱ्या धरायचो."

आगीबद्दल मला सापडलेलं सर्वांत नेमकं उत्तर हेच आहे. आग लावणारा कुणीही असो, जळण कुठून आलं हा प्रश्न आधीचा आहे. ते बंद उघाडीमुळे आलं. पाणकणसाची पानं दर वर्षी वाळतात, पण उभी राहतात किंवा तिथेच आडवी होतात. भरती-ओहोटी त्यांना ओढून नेत नाही आणि चिखलात कुजायला लागणारी ओल उन्हाळ्यात पृष्ठभागावर नसते. दोन-तीन वर्षांत हातभर जाडीचा कोरडा पाला साचतो. अशा जागी एक ठिणगी पुरते.

आग, आणि नंतर फुटलेली फळी

त्या वर्षी आग फेब्रुवारीच्या अखेरीस लागली. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला होता. आगराच्या काळातला एक आतला बांध या तुकड्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करतो. बांधावरून पायवाट आहे आणि तिच्यावरही वाळकं गवत होतं, त्यामुळे आग सहज ओलांडून गेली. संध्याकाळपर्यंत दोन्ही भाग सारखेच काळे झाले. वीतभर जळके खुंट, राख, आणि खाली ओला चिखल. दक्षिणेच्या काठावर तिवराची काही तरुण झाडं होती, तीही होरपळली. पाणकणसाला आग सोसते, तिवराला सोसत नाही. त्याची साल पातळ असते, आणि ती तडकून आतला जिवंत थर भाजला की झाड पुन्हा उभं राहणं कठीण. ही झाडं फुटली नाहीतच.

दोन्ही भागांतले काही खुंट उपटून पाहिले. खालचं आडवं खोड सगळीकडे पांढरं आणि टणक होतं. गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि तिची धग ओल्या चिखलात फार खोल उतरत नाही. वरून सगळं संपल्यासारखं दिसत होतं, पण रानाचा मुख्य जीव चिखलाखाली सुरक्षित होता. उलट, पाला जाऊन आता चिखलावर ऊन पडत होतं आणि राखेतलं खत जागेवरच होतं.

त्यानंतरच्या होळी पौर्णिमेच्या उधाणात उत्तर भागाच्या उघाडीची कुजलेली फळी फुटली. मार्चमधली उधाणं तशीही मोठी असतात. पाणी आत आलं आणि पुढे दर अमावास्येला नि पौर्णिमेला, मागचे-पुढचे काही दिवस, दिवसातून दोनदा येत राहिलं. जळके खुंट बुडून वर हात-दीड हात पाणी चढायचं. भांगाच्या दिवसांत भरतीची उंची कमी, तेव्हा नवं पाणी येत नसे, पण ओहोटीलाही सगळं निघून जात नसे, कारण फळीचा खालचा भाग शाबूत होता. थोडक्यात, खुंट बहुतेक काळ खाऱ्या पाण्याखालीच राहिले. आतला बांध धड असल्यामुळे दक्षिण भागात थेंबही गेला नाही.

एप्रिलमध्ये दक्षिणेकडचे कोंब कमरेला लागत होते. उत्तरेकडे जे कोंब आले होते ते टोकापासून पिवळे पडून बसले होते. मे महिन्यात उत्तरेचा खुंट ओढला की अलगद हातात येई, आणि खालचं खोड तपकिरी, मऊ, सडक्या अंड्याचा वास येणारं. पावसाच्या तोंडावर दक्षिण भागात माणूस हरवेल असं रान होतं आणि उत्तर भाग जवळजवळ पूर्ण उघडा चिखल होता. त्या चिखलावर एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे आले, निवटे म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे आले, आणि भरतीच्या वेळी शेकाटे नि तुतारी हे चिखलात खाणारे पक्षी थव्याने येऊन उभे राहू लागले.

या थव्यांची गोष्ट नीट सांगितली पाहिजे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. पण ओहोटीला ज्या चिखलावर हे पक्षी खातात तो भरतीला पाण्याखाली जातो. त्या काही तासांसाठी त्यांना बांधाच्या आतली उथळ, उघडी जागा लागते, जिथून चारही बाजूंचं दिसतं. पाणकणसाने भरलेला तुकडा त्यांना निरुपयोगी आहे. खाडी राखली आणि काठावरचे असे तुकडे रानाने बुजू दिले, तर पक्ष्यांना अर्धा दिवस विसाव्याची जागा उरत नाही.

दक्षिणेचं रानही ओसाड नव्हतं, हे इथेच लिहिते. जांभळ्या पाणकोंबड्या, वटवटे, सुगरणी तिथेच होत्या. उत्तर भाग उघडा झाला तेव्हा त्यांची तेवढी जागा गेली.

असं का झालं

पाणकणीस ज्या चिखलात उभं असतं त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मुळांना आणि आडव्या खोडाला लागणारी हवा पानांतल्या पोकळ्यांमधून वरून खाली जाते. वाळलेलं पानही उभं असेल आणि त्याचं टोक पाण्याच्या वर असेल तर हे काम करतं. पाण्याखाली दडलेल्या माणसाने बोरूच्या नळीतून श्वास घ्यावा, तसं हे आहे. आग किंवा विळा ही नळी आखूड करतो. खुंट पाण्याच्या वर असेल तर श्वास चालू राहतो आणि साठवलेल्या पिष्टावर नवे कोंब फुटतात. खुंट बुडाला आणि बुडालेलाच राहिला, तर खालच्या खोडाला हवेविना साठा जाळावा लागतो. तो लवकर संपतो आणि सड सुरू होते. नवे कोंब काढण्यात साठा आधीच खर्च झाला असेल तर आणखी लवकर.

याला मिठाची जोड मिळाली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत आत जाल तसं ते थोडं कमी होतं, पण उन्हाळ्यात नदीचं गोडं पाणी जवळजवळ नसल्यामुळे फार कमी होत नाही. पाणकणीस मचूळ पाणी सोसतं, इतकं खारं पाणी कोवळ्या कोंबांना सोसत नाही.

म्हणून या प्रकरणात मला "आग चांगली की वाईट" हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आगीनंतर पाणी आलं नाही तर आग पाणकणसाची चाकरी करते: पाला काढते, ऊन देते, खत देते, आणि शेजारचे तिवर मारते. आगीनंतर खुंटांवर चढणारं पाणी आलं तर तीच आग पाणकणीस संपवते. आग न लागता नुसतं खारं पाणी उंच उभ्या रानात शिरलं असतं, तर पानं हवा देत राहिली असती आणि रान हटायला कितीतरी जास्त काळ लागला असता असं मला वाटतं. कशानंतर काय आलं आणि किती खोल आलं, यावर तिथे पुढे काय वाढणार ते ठरतं.

भरतपूर आणि काकाडू

मुंबईकरांना याचा मोठा दाखला दूर शोधायला नको, कारण तो अभ्यास आपल्याच फोर्टातल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केला. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं पक्ष्यांचं उद्यान. पाणी अजान बांधातून सोडायचं, पावसाळ्यानंतर भरायचं, उन्हाळ्यापर्यंत आटायचं. आसपासच्या गावांच्या म्हशी आणि गाई पिढ्यान्‌पिढ्या आत चरत. १९८२ मध्ये चराई बंद झाली. त्यावरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. हेतू पक्ष्यांच्या भल्याचा होता, पण झालं उलटं. पॅस्पॅलम डिस्टिकम नावाचं गवत उथळ पाण्यावर पसरलं आणि बदकांना लागणारं उघडं पाणी झाकून गेलं. १९८० च्या दशकात सोसायटीच्या अभ्यासकांनी दाखवलं की म्हशी हे गवत पाण्यात उभ्या राहून खात होत्या. पाण्याखाली दांडे तोडत होत्या, म्हणजे आमच्या तुकड्यात आग आणि उधाणाने मिळून जे केलं तेच काम म्हशी एकट्या करत होत्या. अभ्यासकांनी मर्यादित चराई परत आणावी असं सुचवलं. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा देण्यात आली.

भरतपूरने दुसरी बाजूही दाखवली. २००० नंतरच्या दशकात गंभीर नदीवरच्या पांचना धरणामुळे पाणी अडलं आणि काही वर्षं उद्यान कोरडं पडलं, तेव्हा वेडी बाभूळ आत घुसली. ती पुढे गावकऱ्यांच्या मदतीने मुळासकट काढावी लागली. पाणी आलंच नाही तर पाणथळीवर झुडपांचं रान येतं आणि मग ते हटवायला फार कष्ट पडतात.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात रानम्हशी १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. मग पूरमैदानांवर एक उंच गवत दाट झालं आणि मॅगपाय गीज या पक्ष्यांचं उघडं पाणी कमी झालं. तिथल्या मूळ रहिवाशांनी आपल्या जुन्या पद्धतीने, पूर ओसरताना, ठरवून जाळायला सुरुवात केली तेव्हा पक्षी परतले. त्यांच्या आगीला पुढच्या पावसाळ्याचं पाणी हमखास भेटतं. आमच्या तुकड्यातल्या आगीला बंद फळी भेटते. काकाडूचा दाखला देऊन मुंबईत रान पेटवण्याचं समर्थन कुणी करू नये, याचं कारण हेच. शिवाय इथे धुराच्या वाटेत दमेकरी म्हातारी माणसं राहतात आणि रानाला लागून तिवर उभे आहेत.

पुरावा किती पक्का

हे एकाच जागी, एकाच वर्षी घडलं आणि आपोआप घडलं. उत्तर भाग दक्षिणेपेक्षा थोडा खोल आहे, खुणा केलेल्या बांबूने ते आम्ही मोजलं. नाला दक्षिणेकडे उतरतो, त्यामुळे खतही तिकडे जास्त. म्हणजे दोन भागांतला सगळा फरक फुटलेल्या फळीमुळेच पडला असं म्हणता येणार नाही. पण उत्तर भाग आधीही खोल होता आणि आधीच्या आगींनंतर तिथे पाणकणीस दक्षिणेइतकंच उगवत होतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. त्या वर्षी नवं आलं ते खारं पाणी.

पुढे काय झालं

जूनच्या आधी फळी दुरुस्त झाली. वसाहतीतल्या लोकांनी त्यासाठी पाठपुरावा केला आणि मला त्यांचा राग नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला त्या दिवसाची आठवण आजही मोठ्या भरतीच्या तक्त्याकडे पाहायला लावते. पाऊस आणि भरती एकत्र आली तर उघडी उघाडी धोक्याचीच.

पावसाने चिखलातलं मीठ धुऊन काढलं. ऑक्टोबरात नाल्याच्या पाण्याची झिरप जिथे आतल्या बांधातून येते तिथे पाणकणसाची रोपं पुन्हा दिसली, बाकी ठिकाणी लव्हाळे आले. पुढच्या उन्हाळ्यात दक्षिण भाग पुन्हा पेटला. उत्तर भाग पेटला नाही, तिथे जळायला फारसं काही नव्हतं. पण खारं पाणी पुन्हा आलं नाही, आणि दुसऱ्या वर्षीपासून पाणकणीस बांधाकडून आत सरकू लागलं.

तिवर मात्र उत्तर भागात आले नाहीत. त्यांच्या बिया पावसाळ्यात गळतात आणि भरतीच्या पाण्यावर तरंगत येतात, आणि नेमकी तेव्हाच फळी बंद होती. याचा कायदेशीर परिणाम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने तिवरांना आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण मिळालं. पण २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरांना पाणथळीच्या व्याख्येतून वगळलं. तिवर नसलेला, आगर म्हणून नोंदलेला तुकडा या दोन्हींच्या मधे पडतो. पाणकणसाचं जळकं रान पाहून ही पडीक जमीन आहे असं म्हणणं फार सोपं होतं, आणि पडीक ठरलेल्या जमिनीचं या शहरात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मला हा प्रश्न नुसता वनस्पतिशास्त्राचा वाटत नाही.

आम्ही जी मागणी लिहून दिली आहे ती उघाडीच्या वेळापत्रकाची आहे. डिसेंबर ते मे या काळात उधाणाचं पाणी आत घ्यावं. जून ते ऑगस्ट फळी बंद ठेवावी. सप्टेंबरात, जोराचा पाऊस नसलेल्या दिवसांच्या भरतीला, तिवराच्या बिया येतील इतपत ती उघडावी. जाळण्याऐवजी पहिलं उधाण घ्यायच्या आधी, नोव्हेंबरात, पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापावं. कापलेलं गावातल्या ज्यांना छपराला किंवा चटईला हवं त्यांनी न्यावं. दक्षिणेकडचा नाल्याच्या तोंडाचा भाग न कापता ठेवावा, कारण पाणकोंबड्यांना तो लागतो आणि सांडपाण्यातलं खत तिथेच अडतं. प्रत्येक बाजूला खुणांचा एक बांबू कायम रोवावा आणि कोणत्या भरतीला किती पाणी चढलं ते लिहून ठेवावं.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. दुरुस्तीच्या वेळी नवी फळी सिमेंटमध्ये बसवली गेली, ती आता सरकत नाही. तिच्या जागी खाचेतून वर-खाली होणारी फळी हवी. ती चालवायची कशी हे त्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांना अजून ठाऊक आहे, आणि त्यांच्याकडून शिकायला गावातले दोन तरुण तयार आहेत.